थोरल्या लोडेचा भोई

शनिवार, ४ मे १९९६

आले एकदाची! दुपारी दोनच्या गाडीने मार्लेघेमला उतरले, ट्रंक ओढत चौक ओलांडला आणि खोलीत शिरल्या शिरल्या आधी खिडकी उघडली. समोर चर्च, शेजारी पावाचं दुकान, कोपऱ्यावर तळलेल्या बटाट्यांची टपरी, मागे कालवा आणि कालव्यात तीन बदकं. चार वर्षं अँटवर्पच्या इस्पितळात म्हाताऱ्यांची अंगं पुसली. इथल्या वृद्धाश्रमातही तेच करायचं आहे, पण इथे शनिवार-रविवार दोन्ही दिवस माझे. तेवढ्यासाठी मी नरकातही नोकरी धरली असती.

रेल्वेचा पास काढलाय. भिंतीवर यादी डकवली आहे: ब्रुगे, गेंट, ओस्टेंड, ल्यूव्हन आणि उन्हाळाभर जिथे जिथे जत्रा असेल ते गाव. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी इथली मोठी मिरवणूक असते, तेव्हा पोर्तुगालहून डुल्से येणार. एकोणीस वर्षांची घोडी झाली, पण मिन्योतलं आमचं गाव सोडून कुठे गेलेली नाही. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि मी चौदा. तेव्हापासून तिची वेणी मी घातली, तिला धपाटे मी घातले आणि रात्री कुशीतही मीच घेतलं. तिला जरा जग दाखवायचं हे मी कधीचं ठरवून ठेवलंय.

घरमालकीण गोडेलिव्ह बाई साठीची विधवा आहे. जिना चढता चढता मागे वळून म्हणाली, उंची किती गं तुझी? सांगितली. मग म्हणाली, खांदे बरे आहेत. मी म्हटलं, म्हाताऱ्यांना उचलून उचलून झालेत. यावर माणसं हसतात, ही हसली नाही. पलंगाखाली पुरुषी बुटांचा जोड सापडला. आधीच्या भाडेकरूचा, रिशार्ड नावाच्या कुणा पोलिश गवंड्याचा. टाकून देऊ का विचारलं, तर म्हणाली, राहू दे, लागतील त्याला.

रविवार, ५ मे

आज इथली पहिली मिरवणूक पाहिली आणि बाबांची फार आठवण आली. आमच्याकडेही जत्रेत असे ताडमाड उंच पुतळे नाचवतात. वेताचा सांगाडा, वर कागदाच्या लगद्याचं रंगवलेलं डोकं, खाली जमिनीपर्यंत कापडाचा घेर आणि घेराच्या आत तो खांद्यावर वाहणारा भोई. बाबांनी वीस वर्षं आमच्या गावच्या राणीला वाहिलं. मिरवणूक दारावर आली की पुतळ्याच्या पोटाला असलेली झडप उघडून बाबांच्या तोंडाला वाइनचा वाडगा लावायचा, हे काम आम्हा दोघी बहिणींचं. पुढे भोई कुणीही असो, आम्ही पाजायचोच. बाबा म्हणायचे, वरचा नुसता हसतो गं, तहान आतल्याला असते. मी निघताना त्यांनी आमच्या द्राक्षांच्या वाइनची बाटली आणि निळ्या काठाचा वाडगा मला दिला आणि जोडीचा डुल्सेला ठेवला.

इथल्या पुतळ्याला थोरला लोडे म्हणतात. लाल गाल, काळा कोट, ओठांवर पक्कं हसू. पुढे सात जणांचा बँड. पण काय कंजूष गाव! लोडे दारोदार वाकून नमस्कार करतोय आणि एक दार उघडेल तर शपथ. पडद्याआडून सगळे बघतायत. आमच्या दारी वाकला तेव्हा पोटावरच्या बारीक जाळीतून मला दोन डोळे दिसले. मला राहवेना. धावत वर गेले, बाबांच्या बाटलीतली वाइन वाडग्यात ओतली, खाली आले आणि झडप उघडून आत धरली. ओठ भेगाळलेले होते. एका घोटात संपवली बिचाऱ्याने, आणि आतून असा काही हुंदका आला की मी दचकले.

बँड थांबला. अख्खा चौक माझ्याकडे बघत होता. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. गोडेलिव्ह बाईने छातीवर क्रूसाची खूण केली. मला वाटलं, चला, गावाशी ओळख झाली!

संध्याकाळी गाड्यांच्या वेळा बघायला स्टेशनवर गेले. फलाटावर एक अस्थिपंजर माणूस अनवाणी बसला होता, दाढी छातीपर्यंत. मला बघून उठला, मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, माफ कर, बाई, माफ कर. आणि आलेल्या गाडीत चढला. भलताच प्यायलेला असणार. येऊन डुल्सेला चार पानी पत्र लिहिलं, वाडग्याची हकीकत रंगवून. लिहिलं, ऑगस्टमध्ये तुझा वाडगा आण, लोडेला पाजायचा मान तुझा.

बुधवार, ८ मे

ओळख झाली म्हणाले, ते मागे घेते. पाववाली माझ्या हातात पाव देत नाही, फळीवर ठेवून सरकवते. कुणी नजरेला नजर देत नाही. गावचा सुतार वृद्धाश्रमात आला, न विचारता माझ्या पाठीवर फीत लावली आणि आकडा कागदावर टिपला. हे काय चाललंय विचारलं तर म्हणाला, तुझ्या मापाचं करून ठेवतो, उगाच सोलवटून निघशील. मला वाटलं, कामाचा डगला शिवतायत. सुतार डगले कधीपासून शिवायला लागला, हे नंतर सुचलं.

ऑक्टाव्ह आजोबांना अंघोळ घातली. चौऱ्याऐंशी वर्षांचे. दोन्ही खांद्यांवर बैलाच्या मानेवर पडतात तसे काळे घट्टे. कशाचे हो, म्हटलं. म्हणाले, वाडगेवाली तूच ना? आणि भिंतीकडे तोंड केलं.

रविवार, १९ मे

ब्रुगे पाहून आले! माणसं किती मोकळी तिथली! जिथे जाईन तिथे लोक बाजूला होऊन वाट देत होते, हात हलवत होते. एक चिमुरडी मात्र मला बघून आईच्या मागे लपली. कालव्याकाठी खूप फोटो काढले. पाय तुटायची वेळ आली आहे, खांदेही. जेवले काय ते मात्र आठवत नाही, आणि आता उभ्या उभ्या तीन पेले पाणी प्यायले.

रविवार, २ जून

गेंट. किल्ला, तीन मनोरे, नदीकाठी जत्रा. बँड होता. बँड सारखा माझ्या पुढेच चालत होता, मी वळले की तो वळायचा. गंमत वाटली आधी, मग वाटेनाशी झाली.

गोडेलिव्ह बाई जेवताना प्रथमच आपणहून बोलली. म्हणाली, यंदा आमचा लोडे गावोगाव जातोय बरं का, सगळीकडून आमंत्रणं आहेत. तो पोलिश अगदीच नाजूक निघाला, शेवटची दोन वर्षं तर चौकापुढे चालवत नव्हतं त्याला. मी म्हटलं, बुटांचा मालक? लोडेला तो वाहायचा? ती म्हणाली, सूप गार होतंय.

रविवार, १६ जून

ओस्टेंड. दिवसभर समुद्राकाठी होते. पायताणात वाळूचा एक कण नाही. एवढ्या उन्हात फिरून तोंड पांढरंफटक, तळघरातल्या बटाट्यासारखं. डाव्या खांद्याचं कातडं सोललंय. औषधाच्या दुकानात मलम आणायला गेले, तर तिथल्या बाईने आधीच बांधून ठेवलं होतं.

शुक्रवार, २१ जून

फोटो धुऊन आले. तीन रोल, तीन गावं.

प्रत्येक फोटोच्या पुढे जाळी आहे.

आधी वाटलं, कॅमेरा बिघडला. मग नीट पाहिली. बारीक, काळी, वेताच्या चौकटीत ताणलेली. तिच्या पलीकडे ब्रुगेचा पूल, गेंटचा किल्ला, ओस्टेंडचा समुद्र. आणि माणसं. सगळी टाळ्या वाजवतायत, सगळी हसतायत, आणि एकही माझ्याकडे बघत नाहीये. सगळी माझ्या डोक्याच्या वर बघतायत. हातभर वर, दोन हात वर. तिथे कुणाचं तरी तोंड असावं तसं.

शनिवार, २२ जून

स्टेशनवर न जाता सरळ ऑक्टाव्ह आजोबांकडे गेले. फोटो त्यांच्या मांडीवर टाकले आणि म्हटलं, बोला.

ते बोलले, आणि गोडीत बोलले असं काही नाही. म्हणाले, तुला कुणी सांगितलं होतं गं शहाणपणा करायला? या गावात शेंबडं पोरसुद्धा लोडेला पाणी देत नाही. जो आपल्या हाताने आतल्याला पाजतो, तो आत जातो आणि आतला सुटतो. आधी फक्त शनिवार-रविवार, आपल्याला वाटतं आपण हिंडून आलो. मग कायमचं. लोडे फिरला नाही तर गावात मयतं पडतात, तेव्हा कुणीतरी लागतंच. आणि आम्ही कशाला जाऊ? खोली भाड्याने देतो, येतं कुणीतरी.

मी म्हटलं, मग तुम्हीही होतात. तुम्हाला कुणी सोडवलं?

त्यांनी फोटो एकेक करून पालथे घातले. मग म्हणाले, माझा धाकटा भाऊ सेराफेन. लष्करातून आला होता, प्यायलेला होता, मला ओळखून बिअरचा पेला घेऊन धावला. आतून ओरडून उपयोग नसतो, पोरी, ओरडलं की बँड वाजतो, बँड असतो कशाला? पण तोंड मिटता येतं. तेवढं एकच आपल्या हातात असतं. मी मिटलं नाही. तहान लागली होती. त्याला पुढे अकरा वर्षं कुणी पाजलं नाही. एक दिवस लोडे अचानक फार हलका चालायला लागला, तेव्हा कळलं, आत तो उरला नाही.

मला त्या माणसाचा संताप आला. मी त्यांना राक्षस म्हणाले. ते म्हणाले, बघू की.

रविवार, ३० जून

पळाले. काल पहाटेची गाडी धरली. अँटवर्पला उतरले, इस्पितळाच्या दारात जुन्या मैत्रिणींना बघितलं, हाक मारली. त्या टाळ्या वाजवायला लागल्या. त्या वर बघून टाळ्या –

आज संध्याकाळी माझ्या पलंगावर होते. दोन्ही खांद्यांना रक्त.

शनिवार, ६ जुलै

दाराला आतून कुलूप लावलं, किल्ली खिडकीतून बाहेर फेकली. गोडेलिव्ह बाई दाराबाहेर खुर्ची टाकून विणत बसली होती. म्हणाली, कुलूप लावून काय होणार गं? तो काही जिना चढत नाही. तू उतरतेस.

मी तिला तोंडात आल्या तेवढ्या शिव्या दिल्या, माझ्या भाषेत आणि तिच्या. ती टाके मोजत राहिली. मग म्हणाली, माझा नवराही लोडेच्या आत गेला, तुझ्याआधी, रिशार्डच्याही आधी. मी त्याच्यासाठी पेला घेऊन उभी राहिले का? नाही राहिले. मग तुझी दया कशी येईल मला?

सोमवार, ८ जुलै

पत्र पोचायला आठ दिवस लागतात, म्हणून वृद्धाश्रमातून फोन केला, आमच्या गावच्या खानावळीत. डुल्सेला बोलावून आणलं. म्हटलं, येऊ नकोस.

ती हसली. म्हणाली, ताई, आवाज कसा येतोय तुझा, टोपलीखालून बोलल्यासारखा? तिकीट काढलंय मी. मी म्हटलं, फाड. ती म्हणाली, समजलं, कुणीतरी मिळालाय तुला, आणि गावंढळ बहिणीची लाज वाटतेय. मी म्हटलं, नाही गं राणी, तसं नाही. पण कसं ते सांगायला गेले की घशातून नुसती घरघर. शेवटी एवढंच निघालं: आलीस तरी कुणाला काही पाजू नकोस. तशी ती चिडली. म्हणाली, बाबांच्या मुलीला हे सांगतेस? चार वर्षांत आपली रीतसुद्धा टाकलीस? मी येणार, बाबांची बाटली घेऊन येणार, आणि तुला दाखवून पाजणार.

ठेवला फोन. मोठी बहीण म्हणून कधी तिचं ऐकून घेतलं नाही मी, तीही तशीच निघाली.

गुरुवार, १८ जुलै

आज गुरुवार. गुरुवारीही.

आश्रमात गेले होते ना? मग जाळीतून का दिसले ऑक्टाव्ह आजोबा? खिडकीत बसले होते. वर बघत नव्हते. ते एकटे माझ्याकडे बघत होते.

जुलै. रविवार असावा

लोडेतून बाहेर पडलेच नाही. वखारीत ठेवलंय आम्हाला. छपराच्या फटीतून ऊन येतं तेव्हा लिहिते. वही डगल्याच्या खिशात होती म्हणून. सुताराचं माप बरोबर होतं, पट्टी आता सोलत नाही. खांद्यावर चामडं झालंय.

पाणी नाही. भूक लागत नाही. पाणी.

बहुतेक ऑगस्ट

गावं. किती गावं. नावं माहीत नाहीत, फलक मागे पडतात. यादीतलं ल्यूव्हन झालं. छान आहे म्हणतात.

कारंजं होतं चौकात. हातभर अंतरावर. लोडे थांबला नाही.

–

आज हिशेबाने पंचवीस ऑगस्ट, मोठी मिरवणूक. बँडवाल्यांनी नवे गणवेश घातलेत.

ठरवलंय. तोंड मिटायचं. बाबा, तुमची शपथ. वेणी घातली आहे मी तिची. मी ऑक्टाव्ह नाही. अकरा वर्षं तर अकरा वर्षं, मी हलकी झाले तरी चालेल, ती सुखरूप परत –

–

चौक. सगळी दारं बंद. पडदे हलतायत.

आमच्या दारापाशी –

ती आहे. केस कापलेत गधडीने. कुणी कापले? बारीक झाली आहे. गोडेलिव्ह बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहे. ती बाईला विचारतेय काहीतरी, इकडे तिकडे बघतेय, मला शोधतेय. मी इथे आहे. डुल्से, मी इथे

बँड. बँड वाजवला मेल्यांनी

लोडे वाकतोय. मी वाकत नाहीये, तो वाकतोय

तिच्या हातात निळ्या काठाचा. भरलेला. बाबांच्या द्राक्षांचा वास इथवर येतोय. ती हसतेय, ती वर नाही बघत, ती जाळीत बघतेय. म्हणतेय, दमलास ना रे, घे.

झडप उघडली

थंड आहे. ओठांना लागलाय

मी तोंड मिटून घेतलंय. मी तोंड मिटून घेतलंय. मी तों